स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या माथ्याला कोणती पट्टी शोभेल?

निळीशाई

स्वयंपाकघराचं काम जवळजवळ उरकलंय, भिंतीवरच्या कपाटांचा माथा तेवढा उघडाबोडका राहिलाय. तिथं कॉर्निस, म्हणजे माथ्यावरची शोभेची पट्टी, लावायची हे नक्की. कुठली लावायची, तिथेच घोडं पेंड खातंय.

मापं देते, म्हणजे नेमका सल्ला मिळेल. कपाटं छतापर्यंत गेलेली नाहीत. माथा आणि छत यांत डाव्या टोकाला ११ सेंमी फट आहे, उजव्या टोकाला ९.२. म्हणजे फ्रिज धरून ३.४ मीटर लांबीत छत १८ मिमी खाली उतरलंय. कपाटं मात्र पाणसळीत, म्हणजे अगदी समतल आहेत, ते तपासलंय. भिंतीवरची कपाटं ३५ सेंमी खोल. उजवीकडे फ्रिजचं उंच युनिट, ते ६० सेंमी रुंद आणि ६० सेंमी खोल, पलीकडून भिंतीला टेकलेलं. दोन्हींचा माथा एकाच पातळीवर. डावं टोक मोकळं आहे. सांगाडा प्लायचा, शटरं त्याला पूर्ण झाकणारी, साध्या चौकटीची, मोतिया रंगाचा पीयू (पॉलियुरेथेन) पेंट. चिमणीजवळचं एक शटर वर उचलून उघडतं.

तीन नमुने समोर ठेवलेत. एक, ८ सेंमी उंचीची एस आकाराची वळणदार कॉर्निस, खाली मण्यांची बारीक ओळ. दोन, ५ सेंमीचा साधा गलता, आत खोलगट वळलेला. तीन, काहीच वळण नसलेली सपाट पट्टी, थेट छताला भिडणारी. मला पहिला मनापासून आवडलाय, घरातल्यांना तिसरा. मागे एलईडी लावून छतावर उजेड टाकावा असंही डोक्यात आहे.

काय करू?

साधीपट्टी

मण्यांची ओळ नको, एवढं पहिल्यांदा सांगतो. चुलीवरून उठणारी तेलकट वाफ वर जाऊन बसते ती नेमकी तिथेच, आणि प्रत्येक मण्याच्या खाचेत धूळ धरते. कपड्याच्या एका फटकाऱ्यात पुसलं जाईल असंच वळण स्वयंपाकघरात असावं.

दुसरं म्हणजे शटरांकडे बघा. साधी चौकट, नक्षी नाही. त्यांच्या डोक्यावर मणी आणि वळणं आली की खालचं वरच्याशी बोलतच नाही. चौकटीच्या कपाटाला गलता छान दिसतो. शटर अगदी सपाट असतं तर मी सपाट पट्टी सुचवली असती.

पांढरी_भिंत

छतापर्यंत न्या. वर फट ठेवली की तिथं धूळ, जळमटं आणि तेलाचा चिकट थर बसतो, आणि ते साफ करायला स्टुलावर चढणं आलं. माझा अनुभव अगदी स्पष्ट आहे, बंद केलेला माथा पुन्हा कधी आठवत नाही. सपाट पट्टी लावा, वरून छताच्या उतारानुसार छाटून घ्या आणि विषय संपवा.

गुण्या_ओळंबा

निळीशाई, मापं दिलीत हे फार बरं केलंत. नाहीतर अशा धाग्यावर नुसता आवडीनिवडीचा वाद होतो.

आकाराचा प्रश्न मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवेन. त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात. पट्टी कशाला धरून उभी राहणार, आणि ती छताजवळ गेल्यावर छताचा तिरकेपणा कुठे जाणार.

पहिली गोष्ट. तुमच्या सांगाड्याला पुढून लाकडी चौकट नाही, आणि शटर सांगाड्याच्या वरच्या कडेपर्यंत आलंय. मग कॉर्निसला चुका (बारीक खिळे) मारायला जागाच उरत नाही. प्लायच्या कडेत वरून तिरकी चूक मारून कॉर्निस अडकवणारे पाहिलेत, ती थोड्याच दिवसांत हलायला लागते. यासाठी माथ्यावर प्लायची एक उभी पट्टी बसवायची, सांगाड्याच्या आतून वर स्क्रू घालून. तिचा चेहरा शटराच्या चेहऱ्याच्या रेषेत आणायचा, म्हणजे सांगाड्यापेक्षा साधारण १८ ते २० मिमी पुढे. शटराचा वरचा काठ आणि या पट्टीचा खालचा काठ यांत ३ मिमी फट. कॉर्निस या उभ्या पट्टीवर बसते, आणि खाली उभी पट्टी साधारण दीड सेंमी उघडी दिसू द्यायची. ती दीड सेंमीची सपाट रेघ फार महत्त्वाची. ती नसली तर कॉर्निस शटरावर कोसळल्यासारखी वाटते.

आता हिशेब करा. दीड अधिक आठ म्हणजे साडेनऊ सेंमी. उजवीकडे तुमच्याकडे आहेत ९.२. आवडलेला पहिला नमुना तिथं बसतच नाही. सपाट रेघ काढून टाकली तरी वर उजवीकडे १.२ सेंमी उरतात आणि डावीकडे ३. एका टोकाची फट दुसऱ्याच्या अडीचपट! खोलीत शिरल्या शिरल्या नजर तिथेच जाईल. फट ३० सेंमीची असती तर हेच १८ मिमी कुणाला कळले नसते. छताजवळची अरुंद फट हीच सगळ्यात वाईट, ती धड बंदही नसते आणि हात घालून पुसताही येत नाही.

पांढरी_भिंत यांचं धुळीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण सपाट पट्टी छताला भिडवली तर तिची उंची एका टोकाला ११ आणि दुसऱ्या टोकाला ९.२ होणार, आणि मोतिया रंगाची ती पाचर पांढऱ्या छतासमोर उघडी पडणार. बंद करा, पण पुढच्या रेषेत बंद करू नका.

निळीशाई

बापरे, साडेनऊचा हिशेब माझ्या लक्षातच आला नव्हता. "पुढच्या रेषेत बंद करू नका" म्हणजे काय ते जरा उलगडून सांगाल का?

गुण्या_ओळंबा

सांगतो. तिरकेपणा दिसायला डोळ्याला दोन रेषा लागतात. एक कॉर्निसची वरची कड, दुसरी छत आणि पट्टी मिळतात ती. दोन्ही एकमेकींजवळ आणि एकाच पृष्ठावर असल्या की अर्ध्या सेंमीचा फरकही टोचतो. यातली दुसरी रेषा मागे ढकलली की तुलना करायला काही उरत नाही.

म्हणून कॉर्निस ५ सेंमीची घ्या आणि ती कपाटाच्या पाणसळीत बसवा, छताच्या नाही. तिच्या पुढच्या कडेपासून साधारण ९ सेंमी मागे एक वेगळी पट्टी उभी करा, माथ्यापासून छतापर्यंत. ही छताच्या उतारानुसार छाटलेली आणि छताच्याच रंगाची.

आता डोळ्याचं गणित. समजा तुमचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर, कॉर्निसची वरची कड २.३ मीटरवर, आणि तुम्ही तिच्यापासून दीड मीटर लांब उभ्या आहात. नजर दीड मीटरमागे ८० सेंमी वर चढते, म्हणजे ९ सेंमीमागे ४.८ सेंमी. तेवढी उंची कॉर्निस झाकून टाकते. तुमच्याकडे डाव्या टोकाला कॉर्निसच्या वर उरणार ११ वजा ६.५, म्हणजे ४.५ सेंमी. पूर्ण झाकलं! खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलात तर मागच्या पट्टीचा थोडा भाग दिसेल, पण ती सावलीत आणि छताच्या रंगात असल्यामुळे डोळ्यात भरणार नाही.

वरचा पोकळ भाग मागच्या पट्टीने बंद होतो, त्यामुळे धुळीचा प्रश्नही नऊ सेंमीच्या कट्ट्यापुरता उरतो. तिथं बोटं जातात, कपडा जातो. ही मागची पट्टी सरसाने चिकटवू नका. आत लाकडाचे ठोकळे ठेवून स्क्रूने धरा, उद्या वरून वायर टाकायची झाली तर काढता आली पाहिजे.

साधीपट्टी

ही मांडणी फार आवडली. वाचनखूण साठवतोय.

रेघोट्या

आकाराबद्दल थोडं लिहिते. गलता आणि एस वळण यांत नुसता साधा आणि नटवा एवढाच फरक नाही, दोघांची कामं वेगळी आहेत.

कॉर्निस मुळात इमारतीच्या माथ्यावरची. भिंतीवर येणारं पावसाचं पाणी पुढे फेकायचं हे तिचं काम, म्हणून ती भिंतीच्या बाहेर झुकते. जुन्या ग्रीक-रोमन बांधणीत सगळ्यात वर, जिथं इमारत संपून आकाश सुरू होतं, तिथं एस वळण यायचं: वरचा भाग खोलगट, खालचा फुगीर. दातेरी कॉर्निसबद्दल इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार विट्रूव्हियस सांगतो की ते दाते म्हणजे छपराच्या वाशांची बाहेर आलेली टोकं, लाकडातली गोष्ट दगडात उतरलेली. म्हणून दातेरी पट्टी मला कपाटावर खटकते, तिथं वर छप्परच नाही.

एस वळणाला वर मोकळी हवा लागते. तुमच्याकडे छत चार बोटांवर आहे, तिथं ते वळण कोंडल्यासारखं दिसेल. गलत्याचं बरोबर उलटं. तो उभ्या पृष्ठाला आडव्याशी जोडतो, म्हणून छत जवळ असलं की तोच शोभतो. नमुना नंबर दोन, माझंही मत.

उंची ठरवताना मी शटराच्या चौकटीची पट्टी मोजते. चौकट ६ किंवा ७ सेंमी रुंद असेल तर कॉर्निस तिच्यापेक्षा कमी हवी. चौकटीहून रुंद कॉर्निस म्हणजे डोक्यापेक्षा टोपी मोठी. तुमच्या ५ सेंमीला त्यामुळे दुहेरी आधार मिळतो.

एक सूचना, दुकानात नमुना हातात धरून निवडू नका. हातातला तुकडा नेहमी लहान वाटतो आणि माणूस एक माप मोठं घेऊन येतो. पुठ्ठ्यावर आकार कापून कपाटावर चिकटवा, आणि खाली ओट्याशी उभं राहून बघा.

दिवेलागण

उजेडाबद्दल. तुमच्याकडे तो करू नका, असं सांगताना वाईट वाटतंय, कारण छतावर पसरलेला मऊ उजेड मला स्वतःला फार प्रिय आहे.

अडचण अंतराची आहे. एलईडीची पट्टी छतापासून इतकी जवळ असली की उजेड पसरायला वावच मिळत नाही. कपाटाच्या कडेला एक झगझगीत अरुंद पट्टा पडतो आणि बाकी छत अंधारात राहतं. त्यात छत रंगवलेलं पण किंचित लाटेरी असेल तर घासून जाणारा उजेड प्रत्येक उंचवटा उघड करतो. आणि तुमच्याकडे तर छताचा उतार लपवायचाय, तिथंच दिवा लावला तर गुण्या_ओळंबा यांची सगळी युक्ती वाया गेली.

ज्यांच्याकडे वर २५–३० सेंमी जागा आहे त्यांनी जरूर करावं. पट्टी कॉर्निसच्या खाचेत तळाशी टाकू नये, थोड्या उंच ठोकळ्यावर ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये बसवावी. खाली ठेवली तर कॉर्निसच्या कडेची सावली छतावर सरळ रेघ मारते. उजेडाचा रंग २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे उबदार पिवळसर. ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारी डबी) हात पोचेल अशा जागी ठेवावा, कारण आधी जातो तो ड्रायव्हर.

तुम्ही तोच पैसा कपाटाच्या खाली, ओट्यावर उजेड पाडायला वापरा. रोज उपयोगी पडेल.

पांढरी_भिंत

मागे ढकललेल्या पट्टीची कल्पना पटली, माझी सपाट पट्टी मागे घेतो.

साहित्याचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. लाकूड, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), पीव्हीसी, पॉलियुरेथेन आणि थर्मोकोलच्या जातीचं पॉलिस्टायरीन, असे प्रकार मिळतात.

पॉलिस्टायरीन स्वयंपाकघरात आणूच नका. नखाने दबतं, उष्णतेने मऊ पडतं, आणि सॉल्व्हंट असलेला गोंद किंवा रंग लागला तर चक्क विरघळतं.

पीव्हीसीला पाणी आणि वाळवी लागत नाही, म्हणून लोक डोळे मिटून घेतात. पण ते उष्णतेने लांब होतं. मीटरमागे दर अंशाला ०.०७ मिमीच्या आसपास. तीन मीटरची पट्टी आणि २० अंशांचा फरक धरला तर ४ मिमी झाले. कोपऱ्यातला सांधा कधी उघडतो, कधी पट्टी मधेच फुगून येते, त्याचं कारण हे. शिवाय त्यावर पीयू पेंट धरायला वेगळा प्रायमर लागतो.

रंगवलेल्या कपाटांना मी एमडीएफ घेईन. पृष्ठ गुळगुळीत, रेषा दिसत नाहीत, रंग शटरासारखाच बसतो. त्याचा शत्रू ओलावा आणि तो शिरतो कापलेल्या टोकांतून, म्हणून प्रत्येक काप लावण्याआधी प्रायमरने बंद करायचा. मागची बाजूही रंगवायची, नाहीतर एकाच बाजूने ओलावा घेऊन पट्टी वाकते.

साधीपट्टी

अस्सल लाकडाचं काय? मला लाकूडच आवडतं.

पांढरी_भिंत

पॉलिश करायचं असेल तर लाकडाला पर्याय नाही, आणि तेव्हा ते शटराच्याच जातीचं हवं. पण पेंटखाली ते वाया जातं. लाकूड हवेच्या दमटपणाने रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे ४५ अंशांत कापलेले दोन तुकडे आकसले की सांधा आतल्या बाजूने उघडतो आणि पेंटवर केसासारखी भेग येते. पॉलिशवर ती खपून जाते, मोतिया रंगावर डोळ्यात खुपते.

माथापच्ची

मधेच विचारतो, क्षमस्व. आमची शटरं पेंटची नाहीत, लॅमिनेटची आहेत. आम्हाला गलता लावता येईल का?

गुण्या_ओळंबा

लॅमिनेट वळणावर नीट बसत नाही, म्हणून तुम्ही सपाट पट्टीच घ्या. त्याच लॅमिनेटची, कडेला त्याच रंगाचं एज बँड लावलेली, ५–६ सेंमीची. रंगवलेला गलता वर लावला तर रंग कितीही जुळवला तरी चमक जुळत नाही. फॉइलची मेंब्रेन शटरं (प्लास्टिकचा पातळ थर चढवलेली) असतील तर मात्र त्याच फॉइलमध्ये गुंडाळलेली कॉर्निस मिळते, ती शटरांबरोबर एकाच वेळी मागवावी. नंतर मागवली की फॉइलच्या दुसऱ्या लॉटमध्ये छटा बदललेली असते.

करवतकाठ

सुतारकामाची आवड असल्यामुळे कापण्याबद्दल लिहितो. कॉर्निस निवडण्याइतकीच ती कापण्यात बिघडते, आणि काम सुताराकडून करून घेणार असलात तरी हे माहीत असलं की देखरेख करता येते.

कॉर्निस भिंतीला सपाट चिकटत नाही, ती तिरकी उभी राहते. मागची बाजू उभ्या पृष्ठाशी किती अंशांत राहते ते आधी विचारून घ्या. बहुधा ३८ किंवा ४५. मायटर करवतीवर (कोनात काप घेणाऱ्या) कापताना पट्टी उलटी ठेवतात: माथ्याची बाजू खाली, करवतीच्या टेबलावर, आणि उभ्या पट्टीला टेकणारी बाजू करवतीच्या कठड्याला. म्हणजे टेबल हे छत आणि कठडा ही भिंत. अशी ठेवली की काटकोनी कोपऱ्याला सरळ ४५ वर काप घ्यायचा.

पट्टी आडवी झोपवून कापायची तर दोन कोन एकत्र लावावे लागतात. ३८ च्या कॉर्निसला टेबल ३१.६ अंशांवर आणि पातं ३३.९ अंशांवर कललेलं. ४५ च्या कॉर्निसला ३५.३ आणि ३०. ३८ चे आकडे ४५ च्या पट्टीला लावले तर सांधा कधीच मिटणार नाही, कितीही लांबी (पुट्टी) भरा.

तुमच्याकडे बाहेरचे कोपरे दोन: डाव्या मोकळ्या टोकाचा आणि फ्रिजच्या युनिटचा. आतला एक, जिथं ३५ सेंमी खोल कपाटं उंच युनिटच्या बाजूला मिळतात तो. बाहेरचे कोपरे ४५ च्या कापाने जुळवा, आणि ते वर चढून जुळवू नका, खाली टेबलावर सरस लावून आधीच जोडून घ्या. बाहेरचा कोपरा सगळ्यांना दिसतो. आतल्या कोपऱ्यात एक तुकडा सरळ भिडवायचा आणि दुसरा त्याच्या वळणाबरहुकूम बारीक पात्याच्या करवतीने कोरून त्यावर बसवायचा. भिंत किंवा युनिट काटकोनात नसलं तरी कोरलेला सांधा मिटलेलाच राहतो, तिथं ४५ चे दोन काप दगा देतात. गलत्याचं वळण साधं असल्याने कोरायलाही सोपं जातं, मण्यांच्या पट्टीवर हेच काम जीव खातं.

आणि डाव्या टोकाला कॉर्निस समोरच कापून थांबवू नका. ती कपाटाच्या बाजूवरून वळून भिंतीपर्यंत गेली पाहिजे. तो पस्तीस सेंमीचा तुकडा वाचवलेली स्वयंपाकघरं बाजूने बघवत नाहीत.

किती आणायची? समोरची कपाटं २.८ मीटर, डावीकडची बाजू ०.३५, फ्रिजची उघडी बाजू ०.२५, फ्रिजचा चेहरा ०.६. एकूण ४ मीटर, शिवाय बाहेरच्या कोपऱ्यांवर कॉर्निस जेवढी पुढे येते तेवढी वाढते. तीन मीटरच्या दोन लांब्यांत भागतं आणि समोरचा २.८ चा तुकडा सांध्याविना निघतो. २.४ मीटरच्या लांब्या घेऊ नका, बरोबर मधे जोड येईल. एक लांबी जादा घ्या, त्याच लॉटची.

रेघोट्या

करवतकाठ, बाजूवरून वळवण्याबद्दल तुम्हाला जोरदार अनुमोदन.

निळीशाई

इतक्या आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. पुठ्ठ्याचा नमुना चिकटवून पाहिला. पहिल्या नमुन्याचा मोह तिथेच सुटला, छताखाली खरंच कोंडल्यासारखा वाटत होता. ५ सेंमीचा एमडीएफचा गलता, दीड सेंमीची सपाट रेघ, मागे छताच्या रंगाची पट्टी, असं ठरलंय. दिवे ओट्यावर.

दोन शंका उरल्यात. चिमणीजवळचं वर उघडणारं शटर गलत्याला अडेल का? आणि रंग कॉर्निस लावण्याआधी द्यायचा की नंतर?

गुण्या_ओळंबा

शटर अडू शकतं. बाजूला उघडणारं शटर स्वतःच्या उंचीतच फिरतं, त्याला ३ मिमी फट पुरते. वर उघडणाऱ्याचा वरचा काठ मात्र उघडताना वर आणि मागे-पुढे सरकतो. किती, ते फिटिंगच्या प्रकारावर आहे. मधे दुमडणारं, अख्खं वर सरकणारं, माथ्यावरून मागे जाणारं, प्रत्येकाचं वेगळं. फिटिंगबरोबरच्या कागदावर वर किती जागा मोकळी हवी आणि कॉर्निस किती पुढे आलेली चालेल याचं माप दिलेलं असतं. कागद हरवला असेल तर पुठ्ठ्याचा नमुना त्या शटरावर बरोबर जागी चिकटवा आणि अगदी सावकाश, शेवटपर्यंत उघडा. अडत असेल तर उघडण्याची मर्यादा कमी करणारा तुकडा बऱ्याच फिटिंगना बसवता येतो. कॉर्निस तेवढ्यापुरती खाचू नका.

पांढरी_भिंत

रंगाचं मी सांगतो. प्रायमर आणि पहिला हात खाली, लावण्याआधी. मग बसवून चुकांची भोकं आणि सांधे लांबीने भरा, घासा, आणि शेवटचा हात जागेवर. चमक शटराइतकीच, सॅटिन, म्हणजे मंद. अगदी मॅट घेतलात तर तेलकट डाग पुसताना पुसलेली जागा उठून दिसते. कॉर्निसची वरची कड आणि मागचा कट्टाही रंगवून घ्या. दिसत नाही म्हणून कच्चा सोडतात, आणि कच्चा एमडीएफ तेल शोषून काळा पडतो, मग तो पुसून निघत नाही.

वातायन

उशिरा आलो, पण एक गोष्ट राहून जातेय आणि ती फ्रिजची आहे. उंच युनिटमधल्या फ्रिजची गरम हवा मागून वर चढते आणि माथ्यावरून बाहेर पडते. तुम्ही मागची पट्टी सलग छताला भिडवलीत तर ती वाटच बंद होईल. कॉम्प्रेसर जास्त चालेल, वीज जास्त जाईल आणि फ्रिजचं आयुष्य घटेल.

निळीशाई

अरे देवा, हे सुतारकाकांनाही सुचलं नव्हतं. मग फ्रिजवर काय करायचं? कॉर्निसही काढायची का?

वातायन

कॉर्निस राहू द्या, फक्त मागची पट्टी उंच युनिटवर लावू नका. कपाटात बसवायच्या फ्रिजच्या अनेक पुस्तिकांमध्ये हवेच्या वाटेला किमान २०० चौरस सेंमी जागा सांगितलेली असते, तुमच्या फ्रिजची पुस्तिका उघडून त्यातला आकडा बघा. उजव्या टोकाला कॉर्निसच्या वर उरतात ९.२ वजा ६.५, म्हणजे २.७ सेंमी. फ्रिजच्या चेहऱ्याची रुंदी ६० सेंमी, तेवढ्याने १६२ चौरस सेंमी होतात. कमी पडतात. पण युनिट कपाटांच्या पुढे २५ सेंमी आलंय, ती बाजूही मोकळी ठेवलीत तर ८५ गुणिले २.७, जवळजवळ २३० चौरस सेंमी. पुरतील.

म्हणून मागची पट्टी डावीकडून निघून उंच युनिटच्या कडेला संपू दे. तिथं ती युनिटच्या बाजूने मागे भिंतीपर्यंत वळवा, म्हणजे गरम हवा कपाटांच्या वरच्या बंद पोकळीत शिरणार नाही. युनिटच्या माथ्याच्या फळीला मागच्या बाजूने आधीच खाच आहे का तेही बघा. नसेल तर कॉर्निस चढण्याआधी सुतारकाकांकडून कापून घ्या, नंतर तिथं करवत शिरत नाही.